लेकींची रुजुवात

धाराशिवच्या कोर्टात मी नक्कल विभागात कारकून आहे. जुने निकाल, जुने दस्त, त्यांच्या नकला काढून द्यायच्या, एवढंच काम. आता यंत्रातून झटकन प्रत निघते, पण मी नोकरीला लागले तेव्हा बराच मजकूर टंकून काढावा लागे. टंकून झाला की रुजुवात. म्हणजे एकीनं अस्सल कागद मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं नकलेवर बोट ठेवून ऐकायचं आणि ओळ जुळली की म्हणायचं, "रुजू." गट नंबरातला एक आकडा चुकला तर एकाचं शेत दुसऱ्याच्या नावावर जातं. त्यामुळे चुका धरायची मला खोडच लागली आहे. लग्नपत्रिका आली तरी मी आधी तारीख-वार जुळतात का बघते. माझे यजमान शिवराज म्हणतात, "अगं, जेवायला बोलावलंय, तपासायला नाही."

अशी मी. आणि डाव्या छातीतली गाठ चार महिने माझ्याच बोटांना लागत होती. दर आंघोळीला हात लागायचा आणि दर वेळी मी मनात रुजू म्हणून पुढं जायची. दुखत नव्हती ना, मग कशाला उगाच.

हे लिहितेय ते माझ्यासारख्या बायकांसाठी. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या वडलांसाठीही.

निदानाचा दिवस

सोलापूरच्या दवाखान्यात गाठीचा रिपोर्ट हातात पडला, तेव्हा मी सगळ्यात आधी काय पाहिलं असेल? माझं वय. कागदावर त्रेचाळीस होतं आणि मला बेचाळिसावं चालू होतं. मी खिडकीपाशी जाऊन तिथल्या मुलीशी दहा मिनिटं वाद घातला. वय चुकलंय म्हणजे कागद दुसरीचाच असणार, असं मी पुन्हा पुन्हा सांगत होते. ती बिचारी शांतपणे नोंदी उघडून दाखवत होती. शेवटी शिवराजनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "महानंदा, वय चुकलंय. बाकीचं बरोबर आहे." तेव्हा कुठं मी वयाच्या खालची ओळ वाचली. कॅन्सर.

परतीच्या बसला तुळजापुरात दर्शनाहून आलेल्या बायका चढल्या. कपाळभर मळवट भरलेली एक म्हातारी माझ्या शेजारी बसली होती. मी रडतेय हे तिनं पाहिलं आणि उठून मला खिडकीची जागा दिली. "वारा घे, माय," एवढंच म्हणाली. त्या आजारपणात मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ सल्ले दिले. कामाला आला तो तिचा.

सात पिढ्या

ऑपरेशन झालं. माझं वय कमी होतं म्हणून डॉक्टरांनी एका मॅडमकडं पाठवलं. आजार घराण्यातून आलाय का, ते बघणं हे त्यांचं काम. तरुण होत्या, गोड बोलायच्या. म्हणाल्या, "तुमच्या रक्ताची तपासणी करू. पण त्याआधी घराण्याची माहिती आणा. कोण कशानं गेलं, कितव्या वर्षी गेलं."

मी मुरुमला अप्पांना फोन केला. अप्पा म्हणजे माझे वडील. बाजारात भुसार मालाचं दुकान, वय अडुसष्ट, आवाज अजून खणखणीत. घराण्याचं म्हटल्यावर स्वारी खूश झाली. आमच्या भागात हेळवी येतात. घराण्यांच्या वंशावळी सांगणारे हे लोक पूर्वी बैलावर बसून यायचे, आता मोटारसायकलवर येतात. वर्षातून एकदा, ज्वारीची रास झाली की हेळवी दारात उभा राहतो, वही उघडतो आणि तुमच्या सात पिढ्या कानडी-मराठीत घडाघडा म्हणून दाखवतो. त्याला धान्य द्यायचं, कापड द्यायचं, नवीन जन्मलेलं नाव लिहून घ्यायचं. अप्पांना ती सगळी वंशावळ पाठ आहे. त्यांनी ती सुवाच्य अक्षरात उतरवली आणि मुरुम बसच्या कंडक्टरकडं पाकीट दिलं.

मी तो कागद मॅडमपुढं ठेवला, तेव्हा खरंच ऐटीत ठेवला. कुणाच्या घराण्याचं एवढं सापडतं?

त्यांनी तो वरून खाली, मग खालून वर वाचला. म्हणाल्या, "सुंदर आहे हो. पण यात मुली कुठं आहेत?"

मी कागद ओढून घेतला. सात पिढ्या, चाळीसच्या वर नावं, आणि एकही लेक नाही. आमच्या हेळव्याच्या रिवाजात लेक दिली की ती दुसऱ्याच्या वहीत जाते, आणि त्या वहीत सून म्हणून नुसतं तिच्या माहेरच्या गावाचं नाव असतं. मीसुद्धा त्यात नव्हते. जन्मभर हे ऐकत आले, चुका धरण्याचा पगार घेत आले, आणि अर्धं घराणं गाळलेलं कधी दिसलं नाही.

"वडलांना बहिणी होत्या?" मॅडमनी विचारलं.

होत्या. काशीआत्या पोटात पाणी होऊन गेली, तिला मूलबाळ नव्हतं. थोरली गंगूआत्या मी सहा वर्षांची असताना गेली. छत्तीसची असेल. कशानं, ते घरात कुणी बोलत नसे. मला तिचं एकच आठवतं. पंचमीला माहेरी आली की मी तिच्या कुशीत झोपायची आणि तिच्या अंगाला सतत ओल्या हळदीचा वास यायचा. मला तो वास फार आवडायचा.

मॅडमनी दोन गोल काढले, बाईसाठी गोल, आणि दोन्हींवर गेल्याची तिरपी रेघ मारली.

दुरुस्तीचं पान

महिन्यानं माझा रिपोर्ट आला. मॅडमनी समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते, डॉक्टर मंडळींनी हसू नये.

आपल्या शरीराच्या कणाकणात, म्हणजे पेशीपेशीत, एक मजकूर आहे. चारच अक्षरं, पण ओळी अब्जावधी. नवा कण तयार व्हायचा तर आधी या मजकुराची नक्कल होते. नक्कल म्हटली की चुका आल्याच, म्हणून चुका शोधून दुरुस्त करायची व्यवस्थाही त्याच मजकुरात लिहिलेली आहे. माझ्या बाबतीत नेमक्या त्या दुरुस्तीच्या पानावर चूक होती.

"म्हणजे रुजुवात घेणाऱ्याच्या हुकमातच चूक," मी म्हणाले. मॅडमना रुजुवात काय ते सांगावं लागलं. मग म्हणाल्या, "अगदी बरोबर. आणि ही चूक तुमच्यात नव्यानं झालेली दिसत नाही. ती तुम्हाला मिळाली आहे. आईकडून किंवा वडलांकडून."

मी विचारलं, "वडलांकडून? छातीचा आजार?"

"पुरुष ती चूक जन्मभर बाळगू शकतो. त्याला बहुतेकदा काही होत नाही. पण तो ती पुढं देऊ शकतो. प्रत्येक मुलाला मिळण्याची शक्यता दोनात एक. आणि मिळाली म्हणजे आजार होणारच असं नाही. ही माहिती आहे, शिक्षा नाही. वेळेवर कळली तर उपयोगी पडते."

आमच्या कोर्टात निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत. हात लावला तर तुकडे पडतात. पण त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि मजकूर आजही चालतो. लिहिणारा गेला, कागद गेला, शाई उडाली, तरी मजकूर राहिला. माणसाचंही असंच आहे, हे मला त्या खुर्चीत बसून कळलं. अंगात अप्पांचं रक्त आहे असं आपण म्हणतो. रक्त कुठलं? त्यांच्याकडून आलाय तो मजकूर.

अव्वा

आईला आम्ही अव्वा म्हणतो. मुरुममध्ये सगळ्यांनी तिच्याच माथी खापर फोडलं होतं. बायकांचं दुखणं बायकांकडूनच येणार, हे गावानं ठरवूनच टाकलेलं. मला भेटायला आली तेव्हा माझा हात हातात घेऊन म्हणाली, "माज्या दुधातनं आलं का गं, नंदा?" मी म्हटलं, "तुज्या दुधातनं फक्त हट्टीपणा आलाय." ती हसली नाही.

मग अव्वा आणि अप्पा दोघांचंही रक्त तपासायला दिलं. अव्वाचं स्वच्छ निघालं. अप्पांच्या रक्तात तीच चूक, तेच पान.

दुसरी कोणी असती तर तिनं गावभर सांगितलं असतं. अव्वानं त्या दिवशी जेवताना अप्पांच्या ताटातल्या भाकरीवर दूध नेहमीपेक्षा जास्त ओतलं आणि पदरानं त्यांच्या हातावरची माशी हाकलली. मी ते पाहिलं आणि मला फार रडू आलं.

अप्पा मात्र जेवण झाल्यावर हात धुऊन माझ्याकडं आले. "शिवलीलेला बोलू नगं," म्हणाले. शिवलीला माझी धाकटी बहीण, सत्तावीस वर्षांची. उमरग्याला तिचं ठरलं होतं. "दिवाळीनंतर साखरपुडा हाय. घराण्यात असलं काय हाय म्हणल्यावर सोयरे मागं फिरत्याल. लगीन हू दे, मग सांगू."

"अप्पा, तिला वेळेवर कळायला पाहिजे."

"दोन-चार म्हैन्यानं काय व्हतंय?"

मला माहीत होतं काय होतं ते. चार महिने मीच घालवले होते. तरी मी गप्प बसले. केमोनं अंगातलं त्राण गेलं होतं, आणि भांडायला त्राण लागतं. पण खरं कारण तेवढंच नव्हतं. तिचं लग्न माझ्यामुळे मोडलं असं मला नको होतं. ही माझी चूक, इथं लिहून ठेवते.

शिवलीला

आणि माझी सेवा करायला धाराशिवला आली कोण? शिवलीलाच. दुसऱ्या केमोनंतर मला कशाचाही वास सहन होईना. तेव्हा ती ताकातल्या ज्वारीच्या कण्या करून चमच्या-चमच्यानं भरवायची. माझी सातवीतली गौरी शाळेतून आली की दोघी मिळून माझे पाय चेपायच्या आणि मालिकेतल्या सासूला शिव्या घालायच्या.

केस पुंजक्यानं गळायला लागले तेव्हा शिवलीलेनंच यंत्र फिरवलं. आरसा माझ्याकडं फिरवून म्हणाली, "अक्का, तुजं डोस्कं किती गोल हाय गं! उगं झाकून ठिवलीस इतकी वर्सं." मी हसले. ती वाकून माझ्या मानेवरचे केस झाडत होती आणि मी तिच्या गळ्याकडं बघत होते. दोनात एक, दोनात एक, एवढंच डोक्यात चाललेलं. ज्या बहिणीनं माझं डोकं मांडीवर घेतलं, तिच्यापासून मी तिचीच गोष्ट लपवत होते.

तिसरी केमो

तिसऱ्या केमोला शिवराजना रजा नव्हती, म्हणून अप्पा आले. केमोचा हॉल म्हणजे ओळीनं खुर्च्या, प्रत्येकीला एक बाटली टांगलेली. सिस्टर येताजाता "काय ताई, झालं का अर्धं?" असं विचारतात, आणि त्यांच्या विचारण्यानंच वेळ सरतो. अप्पा माझ्या शेजारी स्टुलावर ताठ बसले होते. थेंब पडताना पाहत होते.

अर्धी बाटली झाल्यावर म्हणाले, "म्हंजी ह्ये समदं माज्याकडनं आलं तुला."

"अप्पा, माझे डोळे तुमच्याकडनं आले. पाठांतर तुमच्याकडनं आलं. हेही त्यातच आलं. तुम्ही काय बघून दिलं का?"

ते मान हलवत राहिले. मग हॉलमध्ये इतकी माणसं असताना, त्या ताठ माणसाच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"गंगूअक्काला गाठ व्हती," ते म्हणाले. "मला ठावं व्हतं."

मी त्यांच्याकडं मान वळवली.

"पंचमीला आली व्हती. मला एकट्याला मळ्यात निऊन सांगितलं. म्हणली, अंगावर गाठ आलीय, हळद बांधतेय. कुणाला बोलू नगं. सासरी कळलं तर टाकत्याल मला. सोताची आन घातली मला. म्या बत्तीस वर्साचा गडी, दुकान चालवीत व्हतो, सोलापूरला माल आणाय जात व्हतो. जाता जाता तिला दवाखान्यात न्ह्यायला काय झालं व्हतं? पर आन पाळली. फुडल्या पंचमीला बी आली. हळद बांधूनच आली. तिसऱ्या पंचमीला न्हाय आली."

ओली हळद. मला जो वास आवडायचा तो.

सिस्टर आल्या, बाटली पाहिली, अप्पांकडं पाहिलं आणि त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास देऊन गेल्या. मी सुई नसलेला हात पुढं केला. अप्पांनी तो दोन्ही हातांत धरला.

"अप्पा, तेव्हा एकीचं गुपित पाळलंत. आता शिवलीला आहे, गंगूआत्याची कस्तुरी आहे. दोघींना काहीच माहीत नाही."

बाटली संपेपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. निघताना माझी पिशवी उचलली आणि म्हणाले, "तू न्हाय सांगायचं. त्ये माजं काम हाय. म्या सांगतो."

माकणी

त्याच संध्याकाळी त्यांनी शिवलीलेला समोर बसवून सगळं सांगितलं. शिवलीला उसळली. "सोयऱ्याची काळजी आदी आन माजी मागनं? आन अक्का, तू बी?" दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. कण्या मात्र वेळेवर येत होत्या, जरा आदळून. तिसऱ्या दिवशी तिनं स्वतः त्या मुलाला फोन केला आणि आहे ते सांगितलं. तो म्हणाला, घरी विचारून सांगतो. मग पंधरा दिवस तिकडून आवाज नाही.

अप्पा माकणीला गेले. गंगूआत्याची मुलगी कस्तुरी तिथं धरणाच्या बाजूला राहते. तिच्या लग्नानंतर अप्पा दोनदाच तिच्या दारी गेले होते, त्यामुळे मामा अचानक आलेले पाहून तिला वाटलं, मीच गेले. हे पुढं तिनंच मला सांगितलं. चहा झाला, दुसरा चहा झाला, तरी मामा धरणातल्या पाण्याचंच बोलत होते. शेवटी कपातली साय बाजूला करत म्हणाले, "कस्तुरे, तुज्या आईला छातीत गाठ व्हती."

कस्तुरीनं हातातला कप खाली ठेवला. "मामा," ती म्हणाली, "आईवर भानामती झाली असं आमाला सांगितलं व्हतं. चुलतीनं केली म्हणून. त्यापाई आमचे बाबा मरुस्तोवर सख्ख्या भावाशी बोलले न्हाईत. चुलती म्हातारी होऊन एकटी बसलीय, तिच्या दारात आमी कदी गेलो न्हाय."

एक खरी गोष्ट दाबली की तिच्या जागी खोटी उगवते, आणि तीही पिढ्यान्‌पिढ्या चालते. हे मला मॅडमनी शिकवलं नव्हतं. अप्पांना सोडायला कस्तुरी बसथांब्यावर आली, आणि तिथून परस्पर चुलतीकडं गेली. दोघी काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

दोघींची रक्तं तपासली. शिवलीलेला ती चूक मिळालेली नाही. उमरग्याच्या लोकांना कुठून तरी कळलं आणि त्यांचा लगेच निरोप आला की पुढं बोलणी करू. शिवलीलेनं उलट निरोप दिला, "घरी विचारून सांगते." अजून सांगतेय.

कस्तुरीला मिळाली होती. तपासणीत तिच्या छातीत एक गाठ सापडली, हाताला लागणारही नाही एवढी बारीक. तिचं ऑपरेशन झालं, केमोही झाल्या. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आलात. आम्ही दोघी आता फोनवर एकमेकींच्या डोक्यावर किती केस आले ते मोजतो. गौरी मोठी झाली की तिची तपासणी तिनं ठरवायची आहे. पण ठाऊक तिला आताच आहे. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुझं पाठांतर मला का नाही मिळालं?"

रुजू

यंदा रास झाल्यावर हेळवी आला तेव्हा मी मुरुमलाच होते. डोक्यावर बोटभर केस, अंगात थोडी ताकद. त्यानं ओसरीवर बसून वही उघडली आणि सुरुवात करणार, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "थांब. आदी लिहायचं हाय."

"काय मालक? नातू झाला व्हय?"

"लेकी लिहायच्या हायत."

हेळवी गोंधळला. "लेकी लिहायची रीत न्हाय, मालक. वडलानी लिहिल्या न्हाईत, आज्यानी न्हाईत."

"त्येच चुकलं," अप्पा म्हणाले. "जितकं ठावं हाय तितकं लिही. कशानं गेली त्ये बी लिही. म्होरल्यांना लागंल."

त्यानं अप्पांच्या तोंडाकडं पाहिलं आणि नवं पान काढलं. अव्वा दारात येऊन उभी राहिली. लिहून झाल्यावर मी म्हणाले, आता रुजुवात. हेळव्यानं मोठ्यानं वाचायचं आणि अप्पांनी जुळवायचं.

"शरणप्पांची लेक. नाव ठावं न्हाय. तरुणपणी गेली, कशानं ठावं न्हाय."

शरणप्पा म्हणजे अप्पांचे आजोबा, ही अप्पांची आत्या. "रुजू," अप्पा म्हणाले.

"काशीबाई. पोटाच्या आजारानं मयत."

"रुजू."

"गंगूबाई." हेळवी थांबला. अप्पांनी डोळे पुसले, पंचा खांद्यावर टाकला. "वाच."

"गंगूबाई. छातीत गाठ होऊन मयत. लेक कस्तुरी, माकणी."

"रुजू," अप्पा म्हणाले. दाराशी अव्वानंही हळूच म्हटलं, "रुजू."

"महानंदा. छातीत गाठ." एवढंच लिहिलेलं होतं. हेळव्यानं पेन उचललं आणि माझ्या डोक्यावरच्या बोटभर केसांकडं पाहत अवघडून विचारलं, "मालक, हितं फुडं काय लिहू?"

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा तो भुसार बाजारातला खणखणीत आवाज परत आला.

"लिही," ते म्हणाले, "हयात."

मी म्हणाले, "रुजू."